उणे तेरा अक्षांशावरचं बंगळुरू

बंगळुरूचा अक्षांश साधारण १२.९७ उत्तर, रेखांश ७७.५९ पूर्व. संगणकातल्या तक्त्यात उत्तरेचा अक्षांश आहे तसा भरतात, दक्षिणेचा असला तर आधी उणे चिन्ह देतात. म्हणजे आमच्या शहराच्या आकड्याआधी एक आडवी रेघ ओढली की आपण विषुववृत्त ओलांडून सुमारे २,९०० किलोमीटर दक्षिणेला, मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात जाऊन पडतो. तिथे पाणी पाच हजार मीटरच्या आसपास खोल आहे, ऊन कधीच पोचत नाही, आणि तळाच्या गाळावर मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट पोटात घेतलेले काळे गोळे विखुरलेले आहेत. १० ते १६.५ अंश दक्षिण आणि ७२ ते ८० अंश पूर्व या चौकटीत भारताला १९८७ साली दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं. त्यातलं ७५ हजार चौरस किलोमीटर आपण राखून ठेवलं. मराठवाड्याहून मोठा प्रदेश आहे हा. तिथे कोण राहतं हे खात्रीने सांगू शकणारी माणसं मात्र देशात बोटांवर मोजण्याइतकी.

हे उणे चिन्ह माझ्या डोक्यात बसलं त्याला कारण माझा धंदा. मी वेंगुर्ल्याची, पण नोकरीची सगळी वर्षं बंगळुरूत बँकांच्या ग्राहकनोंदी साफ करण्यात गेली. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीनदा, जन्मतारीख १ जानेवारी १९००, पिन कोडच्या जागी फोन नंबर. निवृत्त झाल्यावर हाताला चाळा म्हणून ‘ओबिस’ उघडून बसू लागले. जगभरच्या सागरी जीवांच्या नोंदींचं हे भांडार युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाकडे आहे, कचेरी बेल्जियममधल्या ऑस्टेंडला. दहा कोटींहून अधिक नोंदी, आणि कुणीही घरबसल्या फुकट उतरवून घ्याव्यात. सवयीने मला आधी चुका दिसल्या. उणे चिन्ह गळालं की पाच हजार मीटरवरच्या गाळातला किडा थेट बंगळुरूच्या कब्बन पार्कात येतो. जागा माहीत नाही म्हणून कुणी शून्य-शून्य भरलं की जगातले सगळे बेवारस मासे आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातातल्या एकाच बिंदूवर जमतात. खोलीच्या रकान्यात शून्य पडलं की काळोखातला प्राणी पृष्ठभागावर तरंगायला लागतो. अशा नोंदी पकडणाऱ्या चाळण्या आहेत आणि त्या लावलेल्याही असतात. पण अडकलेली नोंद दुरुस्त करायला शेवटी ती लिहिणारा माणूस लागतो, आणि तो सापडत नाही. प्रकल्प संपलेला असतो, कंत्राट संपलेलं असतं, ईमेल परत येतो. खोल समुद्राच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यावर आपल्याकडे जे बोललं जातं त्यात जहाजं असतात, पाणबुड्या असतात, करार असतात. हा ईमेल परत येणारा माणूस नसतो. मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. मे २०२५ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये एक लेख आला. १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार बुड्यांचा हिशेब मांडून त्यात काढलं होतं की दोनशे मीटरच्या खालचा समुद्रतळ माणसाने डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने आजवर किती पाहिला. उत्तर आलं, जास्तीत जास्त ३,८२३ चौरस किलोमीटर. एकूण खोल तळाच्या साधारण ०.००१ टक्का. गोव्याचं क्षेत्रफळ आहे ३,७०२ चौरस किलोमीटर. सगळ्या पृथ्वीवरचा खोल समुद्र मिळून आपण एक गोवा पाहिलाय, तोही तुकड्यातुकड्यांनी. त्या बुड्यांपैकी ९७ टक्के अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी या पाच देशांच्या. हिंदी महासागर बघायला कोण गेलं असेल, याचा अंदाज करा.

आता त्या गाळातल्या एका किड्याची नोंद होते कशी ते पाहा, म्हणजे चूक कुठे शिरते ते कळेल. जहाज जागेवर उभं राहतं. बॉक्स कोअरर नावाची पोलादी पेटी तारेवरून खाली सोडतात. पाच किलोमीटर तार उलगडायला आणि गुंडाळायला काही तास जातात, आणि वर येतो तो अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद गाळाचा ठोकळा. कधी पेटी मिटतच नाही आणि रिकामी येते. कधी वाटेत पाणी वरचा थर धुऊन नेतं. जीव नेमके त्या वरच्या काही सेंटिमीटरांतच असतात. नीट आला तर त्याचे थर कापायचे, बारीक चाळणीतून धुवायचे, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे आणि रोझ बेंगाल नावाचा रंग घालायचा. तो मांसल ऊतीला धरतो, त्यामुळे राखाडी चिखलात किडा गुलाबी दिसतो. बरणीत चिठ्ठी टाकायची, ती पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई विरते.

मग प्रयोगशाळेत कुणीतरी, बहुतेक वेळा पीएचडी करणारी मुलगी, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुलाबी ठिपका चिमट्याने वेगळा करत बसते. सूत्रकृमी इकडे, पॉलिकीट तिकडे, हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड तिसरीकडे. बहुतेकांना नाव नसतं. प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात, जिथे जगातल्या सगळ्यात जास्त खाणकंपन्यांचा डोळा आहे, तिथल्या प्राण्यांची यादी २०२३ मध्ये झाली. ५,५७८ प्रजाती, त्यातल्या ८८ ते ९२ टक्के विज्ञानाला अनोळखी. अनोळखीला ‘प्रजाती अ’, ‘प्रजाती ब’ म्हणतात. गोव्याच्या प्रयोगशाळेतली ‘प्रजाती अ’ आणि जर्मनांची ‘प्रजाती अ’ एकच की दोन, हे बरण्या शेजारी ठेवल्याशिवाय किंवा डीएनए जुळवल्याशिवाय कळत नाही. आणि फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या नमुन्यातून डीएनए काढणं महाकठीण. म्हणून कशात ठेवलं, चाळणीची जाळी किती मायक्रॉनची होती, वरचा थर शाबूत होता का, हे रकाने किड्याच्या नावाइतकेच महत्त्वाचे. ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून निसटलेले जीव ३०० च्या चाळणीत सापडतात. जाळी लिहिली नाही तर दोन मोहिमांचे आकडे शेजारी ठेवून काहीच सांगता येत नाही. एवढा पैसा ओतून गाळ वर आणला आणि एक रकाना रिकामा राहिला.

बंगळुरूतल्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात हे सगळं एकदा उत्साहाने सांगितलं, तेव्हा एका काकूंनी विचारलं, “अगं, पण ते किडे मोजून कुणाचं पोट भरणार आहे?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “काकू, गोळे उचलणाऱ्याचं. उद्या कुणी विचारलं की तुम्ही खणलं तिथे आधी काय होतं, तर उत्तर द्यायला लागेल ना.” काकूंचं समाधान झालं नाही, पण त्यांनी चकली पुढे केली.

गंमत अशी की समुद्राच्या भौतिक बाजूबद्दल आपण इतके मागे नाही. अर्गो नावाचे सुमारे चार हजार स्वयंचलित फ्लोट जगातल्या समुद्रांत सोडलेले आहेत. ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. ती मापनं एका दिवसाच्या आत सगळ्या जगाला खुली होतात. हिंदी महासागराचं प्रादेशिक काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही आपली संस्था बघते. आमच्या बंगळुरूतही समुद्र पुष्कळ आहे, फक्त तो इमारतींच्या आत आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या वातावरण व महासागर विज्ञान केंद्रातल्या विनयचंद्रन यांच्या चमूने २०१६ च्या पावसाळ्यात ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाबरोबर बंगालच्या उपसागरात ‘बॉबल’ मोहीम केली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु साधना’ जहाज आणि ब्रिटिशांचे पाण्याखाली सरकणारे ग्लायडर, मान्सूनचं कोडं दोघांचं. इथल्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात घडलेला ओशनसॅट-३ नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाला तेव्हा त्याच्यावर ‘आर्गोस’ हे फ्रेंच उपकरणही होतं. पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या कासवांचे, पक्ष्यांचे संदेश टिपणाऱ्या यंत्रणेचा तो भाग. याच यंत्रणेच्या आधाराने बंगळुरूच्या कार्तिक शंकर आणि दक्षिण फाउंडेशनच्या मंडळींनी लिटल अंदमानवर अंडी घालणाऱ्या लेदरबॅक कासविणींचा माग काढला होता. कुणी ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेली, कुणी थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे. हजार मीटरहून खोल बुडी मारणारा हा प्राणी कुठल्याच देशाचा नाही, आणि त्याचा पाठलाग कुठल्याच एका देशाला जमणारा नव्हता.

वारा, तापमान, लाटा यांची देवाणघेवाण झटपट होते कारण चक्रीवादळ कुणासाठी थांबत नाही. शिवाय थर्मामीटरचा आकडा यंत्र लिहितं. किड्याचं नाव माणूस लिहितो. भौतिकशास्त्राची नोंद एका दिवसात जगाला मिळते आणि जीवशास्त्राची यायला वीस वर्षं लागतात किंवा येतच नाही, त्याचं मूळ इथे आहे. आपण यंत्रांना पैसे देतो.

नेहमीच असं होतं असंही नाही. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेलं ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज हिंदी महासागराचा तळ उपसत होतं. त्यावरचे डॉक्टर-निसर्गज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी वर्णन केलेले खोल पाण्यातले मासे आणि खेकडे आजही अभ्यासकांना उघडून बघावे लागतात. नमुने कोलकात्यात राहिले, त्यांच्या जोडनमुन्यांचा वाटा लंडनला गेला. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावर ब्रिटिश पैशाने जी मोहीम अरबी समुद्रात फिरली, तिचे प्रमुख सीमोर सेवेल हे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे माजी संचालक. मग स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आली. १९५९ ते १९६५, चाळीसच्या वर जहाजं, अनेक देश. त्या मोहिमेतला एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. सगळ्या देशांनी प्लवक पकडायला एकाच मापाचं जाळं वापरायचं, ‘इंडियन ओशन स्टँडर्ड नेट’, आणि सगळे नमुने निवडायला एकाच जागी, कोचीच्या हिंदी महासागर जैविक केंद्रात, पाठवायचे. बाटल्या न्यूयॉर्कला किंवा मॉस्कोला जमा झाल्या नाहीत, कोचीत झाल्या. तिथे भारतीय मुला-मुलींनी परदेशी तज्ज्ञांच्या शेजारी बसून प्लवक वेगळं केलं, त्यातून पुढे नकाशे निघाले आणि वर्गीकरण करणारी एक पिढी तयार झाली. याच मोहिमेच्या पोटातून १ जानेवारी १९६६ ला गोव्याची समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. साठ वर्षांपूर्वी, टपालाच्या आणि टंकलेखन यंत्राच्या जमान्यात, जाळ्याची जाळी किती हे आधी ठरवून घेण्याची शिस्त होती. २०१५ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेला गोव्यातूनच झेंडा दाखवला. तिच्यात देश आहेत, परिषदा आहेत, उत्तम भौतिक निरीक्षणं आहेत. पण सगळ्यांच्या बाटल्या जिथे याव्यात असं नवं कोची मला तिच्यात दिसत नाही.

मराठी वाचकाला माहीत असावं असं एक नाव विश्वास चव्हाण यांचं. २००० नंतरच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बसून त्यांनी भारतातल्या प्राण्यांची संगणकीय यादी उभी करण्याचं काम केलं, आणि गोव्याच्या अच्युतनकुट्टी प्रभृतींबरोबर ‘इंडओबिस’ची, म्हणजे ओबिसच्या हिंदी महासागर शाखेची पायाभरणी केली. समुद्राच्या नोंदी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तीही पुण्यात! पण नोंदीला समुद्र लागत नाही, सर्व्हर लागतो आणि चिकाटीचा माणूस लागतो. पुढे ते कोपनहेगनला जैवविविधतेच्या जागतिक माहिती-यंत्रणेत गेले. २०११ मध्ये त्यांनी बल्गेरियाच्या ल्युबोमिर पेनेव यांच्याबरोबर ‘डेटा पेपर’ ही कल्पना सविस्तर मांडली. कल्पना अगदी व्यवहारी आहे. शास्त्रज्ञ नोंदी खुल्या करत नाहीत कारण त्याचं श्रेय मिळत नाही. बढती शोधनिबंधांवर मिळते. तर नोंदींच्या संचाचं वर्णनच शोधनिबंध म्हणून छापा, त्यावर संच गोळा करणाऱ्यांची नावं घाला आणि लोकांना त्याचा उल्लेख करू द्या. आज जगभर अशी नियतकालिकं चालतात. पुण्यातल्या एका माणसाने सहमांडणी केलेली ही कल्पना आपल्या निवड समित्यांच्या गुणपत्रकात मात्र अजून नीट बसलेली नाही. डेटा पेपरला अर्धवट निबंध समजणारे परीक्षक मी पाहिलेत. इंडओबिसचं काम आता कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राकडे आहे, आणि तिथली मंडळी ते करतात. त्यांच्या कामाबद्दल तक्रार नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचतच नाही त्याबद्दल आहे.

जुनी नोंद हाती असली की काय होतं ते सांगते. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूपासून दूर खोल तळावर नांगर फिरवून पाहिला. गोळे उचलल्यावर काय होईल याची ती रंगीत तालीम होती. २०१५ मध्ये ते परत गेले तर नांगराचे चर तसेच होते, सव्वीस वर्षांनंतर. १९८९ च्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणूनच तुलना झाली. आपणही असं केलंय. १९९७ मध्ये गोव्याच्या संस्थेने मध्य हिंदी महासागरात ‘इंडेक्स’ हा प्रयोग केला. जहाज रशियन, तळ ढवळायचं यंत्र आधी अमेरिकी आणि जपानी प्रयोगांत वापरलेलं तेच, आणि प्रश्न आपला. तळाचा गाळ ओढून वर पाण्यात सोडला, आधीचे आणि नंतरचे जीव मोजले, पुढे काही वर्षं निरीक्षण केलं. बबन इंगोले यांच्यासारख्या तळजीवांच्या अभ्यासकांनी त्यावर लिहिलं. गोळ्यांच्या क्षेत्रात असं काम केलेले देश जगात मोजके, त्यात आपण आहोत, आणि शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ नाही. माझा आग्रह एवढाच की निबंधातल्या सरासरी आकड्यांमागची प्रत्येक बरणीची ओळ, कोण, किती, कुठल्या थरात, कुठल्या चाळणीत, खुल्या भांडारात असली पाहिजे. सरासरीवरून पुढचा माणूस पुन्हा मोजू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण जमैकातल्या किंग्स्टनला आहे. कंत्राटदार देशांनी आणि कंपन्यांनी दिलेल्या नोंदींसाठी त्यांनी २०१९ मध्ये ‘डीपडेटा’ हे भांडार उघडलं. खनिजाचा साठा किती हे गुप्त राहतं. पर्यावरणाच्या, म्हणजे जीवांच्या, नोंदी गुप्त ठेवता येत नाहीत. छान. पण २०२३ मध्ये जीवशास्त्रज्ञांनी ते भांडार तपासलं तेव्हा माझ्या बँकेतल्या ओळखीच्या सगळ्या व्याधी तिथे निघाल्या: दुबार नोंदी, नावांची विसंगती, नमुना कसा घेतला याचे रिकामे रकाने. मला मनातून बरं वाटलं हे कबूल करते. एवढी मोठी माणसंसुद्धा.

आता आक्षेप. “आपल्या पैशाने काढलेली माहिती जगाला फुकट का द्यायची? गोरे लोक औषधं काढतील, पेटंट घेतील.” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. जोडनमुने लंडनला कसे गेले ते वर लिहिलंच आहे. पण गावाकडच्या कुणालाही विचारा, जमीन कुणाची जाते? ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याची. खोल समुद्राच्या बाबतीत खुली, तारीखवार, नावानिशी नोंद हाच आपला सातबारा. १७ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय हद्दींपलीकडच्या सागरी जैवविविधतेचा करार अमलात आला आहे. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. त्या कराराप्रमाणे भर समुद्रातून जनुकीय संसाधन गोळा करायला जाणाऱ्याने आधी कळवायचं, मग त्या खेपेला एक ओळखक्रमांक मिळतो, आणि नमुने नि नोंदी कुठे ठेवल्या हे वर्षाच्या आत सांगायचं. पुढे कुणी त्यातून पैसा केला तर वाट्याचा प्रश्न याच मागावरून सुटणार. म्हणजे ज्या देशाच्या नोंदी व्यवस्थित, त्याला वाटाघाटीच्या टेबलावर बोलता येईल. ‘आमच्याकडेही पुष्कळ आहे, पण कपाटात आहे’ असं म्हणणाऱ्याला फार तर चहा मिळेल.

दुसरा आक्षेप नौदलाच्या सुरक्षिततेचा. किनाऱ्याजवळच्या तळाचा बारीक नकाशा खुला करू नये हे मला पटतं. मात्र दक्षिण गोलार्धातल्या पाच हजार मीटरवरच्या पॉलिकीटची मोजदाद कुठल्या पाणबुडीला उपयोगी पडेल हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण फाइलवर ‘संवेदनशील’ असा शेरा मारणं सोपं असतं. तो काढून टाकायला सही लागते, आणि सही करणारा बदली होऊन गेलेला असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताला अरबी समुद्र आणि वायव्य हिंदी महासागराच्या बाजूचं कार्ल्सबर्ग रिज हे गंधकयुक्त धातूंसाठीचं दुसरं क्षेत्र मिळालं, दहा हजार चौरस किलोमीटर. (या डोंगररांगेला नाव बिअरच्या कारखान्यावरून पडलं. १९२८-३० च्या डॅनिश मोहिमेला त्या प्रतिष्ठानाने पैसा दिला होता. इंदिरानगरच्या पबमध्ये हे सांगून पाहा, कुणी विश्वास ठेवत नाही.) गंधकयुक्त धातू तयार होतात ते उष्ण झऱ्यांच्या तोंडाशी, आणि तिथे उन्हावाचून, रसायनांवर जगणाऱ्या जीवांची वस्ती असते. असा एक झरा म्हणजे काही फुटबॉल मैदानांएवढी जागा. ती आधी नोंदवली नाही आणि मग खोदली, तर तिथे कोण होतं हे पुढे कुठल्याही पैशाने कळणार नाही.

आणि पैसा आहे. जून २०२१ मध्ये केंद्राने खोल समुद्र मोहिमेला पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. जैवविविधतेचा शोध आणि जतन हा तिच्या सहा भागांपैकी एक. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणारं ‘मत्स्य-६०००’ बांधते आहे, टायटॅनियमच्या गोलाला इस्रोची मदत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपले दोन जलवीर फ्रान्सच्या ‘नॉटिल’मधून अटलांटिकमध्ये उतरले, जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटरपर्यंत आणि आर. रमेश ४,०२५ मीटरपर्यंत. बातमी वाचून मलाही आनंद झाला. घरी पेढे नाही आणले, पण मैत्रिणींना पाठवली. अशी एक बुडी तासन्‌तास चित्रण आणते. त्यातल्या प्रत्येक जीवाला वेळ, खोली, जागा आणि नाव जोडायला बुडीच्या कितीतरी पट वेळ लागतो. या कामासाठी कोण नेमलंय, हा प्रश्न पत्रकार परिषदेत मी अजून ऐकला नाही.

इथे आमच्या शहराचा उपयोग आहे. नोंदींची जुळणी, दुबार काढणं, चित्रांवरून जीव ओळखायला मशीनला शिकवणं, ही कामं बंगळुरूतली पोरं झोपेत करतात, फक्त ती अमेरिकेतल्या दुकानांच्या चपलांसाठी करतात. भारतातल्या जीवांच्या नोंदींचं मोठं सार्वजनिक पोर्टल इथूनच उभं राहिलं, त्यामुळे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही. उलट बाजूला कोकणात, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात, पॉलिकीटला पॉलिकीट म्हणणारी मुलं आहेत. त्यांना प्रोग्राम येत नाही, यांना किडा ओळखता येत नाही. दोघांना दोन वर्षं एकत्र बसवणारी एक शिष्यवृत्ती खोल समुद्र मोहिमेच्या पैशात कुठेही लपून जाईल. प्रत्येक परदेशी सहकार्याच्या करारात एक कलम घालावं: मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत जीवांच्या नोंदी ओबिसमध्ये, चाळणीच्या मापासकट, ‘नोंद कुणी केली’ आणि ‘ओळख कुणी पटवली’ हे दोन रकाने भरलेले. जहाजावर एक बर्थ डेटाच्या माणसाची. आणि बढतीच्या गुणांत डेटा पेपरला पुऱ्या निबंधाचं वजन.

मोहिमेची पहिली पाच वर्षं संपत आली आहेत आणि पुढच्या टप्प्याच्या टिपणांचे मसुदे कुठल्यातरी टेबलावर असणार. त्यांत वर्गीकरणतज्ज्ञ आणि डेटा व्यवस्थापक यांच्यापुढे कायम पदांचा आकडा लिहिलेला असावा, कंत्राटी नको. गोवा, कोची, चेन्नई, हैदराबाद मिळून पन्नास माणसं नेमली तरी मला सुरुवातीला चालतील. संसदेत कोकणचे, गोव्याचे आणि बंगळुरूचे खासदार आहेत. हा आकडा किती आहे हे त्यांनी लेखी प्रश्नात विचारावं.